तीन मोजेपर्यंत

मॉल बंद व्हायला अठरा दिवस उरले होते, तेव्हा त्याचा इतिहास लिहून काढण्याचे काम मावशींकडे आले. मुख्य कार्यालयाने बारा फलक पाठवले होते. कोरे, पांढरे, प्रत्येकी दोन हात रुंद. ते तळमजल्यावरच्या चौकात ओळीने उभे करायचे, त्यांवर जुनी छायाचित्रे आणि चार-चार ओळींचा मजकूर लावायचा, आणि शेवटच्या आठवड्यात लोकांनी येऊन ते बघावेत, हळहळावे, अशी योजना होती. त्यानंतर फलकांसकट सगळे पाडले जाणार होते.

"मावशी, तुमच्याशिवाय या इमारतीला भूतकाळच नाही," मॅनेजर बाई म्हणाल्या. त्या चौतिशीच्या होत्या आणि या नोकरीत येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षे झाली होती. "मी आले तेव्हा निम्मे गाळे आधीच बंद. इथे काय काय होतं ते मला काय ठाऊक?"

"सगळंच होतं," मावशी म्हणाल्या. "मुख्य म्हणजे गर्दी होती."

"मग ती गर्दी चार ओळींत बसवा. आणि हे बघा, रडगाणं नको. आठव्या फलकापर्यंत तरी लोकांना हसू द्या."

मावशी एकसष्ट वर्षांच्या होत्या. चौकशीच्या टेबलामागे त्यांची पंचवीस वर्षे गेली होती, आणि त्याआधीचे एक वर्ष त्यांनी उभ्याने काढले होते. पहिल्या दिवसापासून कामावर असलेले त्यांच्याशिवाय आता कुणीच उरले नव्हते. त्यांनी वही उघडली आणि पहिल्या फलकासाठी लिहिले : 'येथे पूर्वी लाकडाच्या वखारी होत्या.' दुसऱ्यासाठी लिहिले : 'शहरातला पहिला सरकता जिना.' आणि तिथेच त्या थांबल्या, कारण सांगण्यासारखे जे होते ते सगळे त्या जिन्यापाशी होते.

सुरुवातीला लोक मॉल बघायला आलेच नव्हते. ते जिना बघायला आले होते. कुटुंबेच्या कुटुंबे नवे कपडे घालून यायची आणि खालच्या पायरीपाशी येऊन खिळून उभी राहायची. काही जण चपला काढून हातात घ्यायचे. एका धिप्पाड गृहस्थांनी रबरी कठड्याला अशी मिठी मारली होती की वर पोचल्यावर त्यांना सोडवायला दोघे जण लागले. वर जाऊन काहीही विकत न घेता साध्या जिन्याने खाली उतरायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे, असा कितीतरी लोकांचा रविवार जात असे. लोक पडू लागले, रांगा तुंबू लागल्या, तेव्हा मॉलने चार बायका नेमल्या. निळे जाकीट, पांढरे हातमोजे. काम एवढेच, की चढणाऱ्याचा हात धरायचा आणि त्याला पहिल्या पायरीवर उभे करून द्यायचे. गाळेवाले त्यांना हातवाल्या म्हणत. मावशी त्या चौघींपैकी एक होत्या.

त्यांच्यावर एक सुपरवायझर होता. तो आधी शाळेत कवायत शिकवायचा, आणि गळ्यातली शिट्टी त्याने नोकरीबरोबर सोडली नव्हती. "माणूस तीन मोजेपर्यंत वर गेला पाहिजे," तो म्हणायचा. "इथे काय पाळणा हलवायला ठेवलंय तुम्हाला?" म्हणून चौघींनी आपापसात एक रीत बसवली होती. उजव्या हातात चढणाऱ्याचा हात घ्यायचा, डावा तळवा त्याच्या पाठीवर टेकवायचा, मनात तीन मोजायचे आणि तळवा किंचित दाबायचा. माणूस आपोआप पायरीवर जायचा. आपल्याला कुणी लोटले, हे त्याला कळायचेसुद्धा नाही. याला त्या 'सोडणे' म्हणत. डबा खाताना एकमेकींना विचारत, "काय गं, आज किती सोडलेस?" मावशींचा आकडा बहुधा सगळ्यांत मोठा असे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

पुढचे फलक सोपे होते. पाचव्यावर वरच्या मजल्यावरचे चित्रपटगृह. सहाव्यावर पुस्तकांचे दुकान, ज्याच्या मालकाने शेवटच्या दिवशी उरलेली पुस्तके पायऱ्यांवर मांडून ठेवली होती, ज्याला हवी त्याने न्यावीत म्हणून. मग शहराबाहेर हमरस्त्याला दुसरा मॉल उघडला, दोन हजार मोटारी उभ्या राहतील एवढी जागा असलेला, आणि इकडचे दिवे वरून खाली मजल्यामजल्याने मालवत आले. गेली चार वर्षे सरकता जिनाही सरकत नव्हता. लोक त्यावरून साध्या जिन्यासारखे चढत, आणि त्या पायऱ्या नेहमीपेक्षा उंच असल्यामुळे अर्ध्यात थांबून गुडघे चोळत. हे सगळे मावशींनी रडगाणे न होऊ देता लिहिले.

बाराव्या फलकासाठी लोकांच्या आठवणी हव्या होत्या. त्यासाठी दाराशी एक पेटी ठेवली होती आणि कार्डे. कार्डावर नाव, फोन नंबर आणि पाच ओळी. उत्तम आठवणीला बक्षीस. मावशी रोज दुपारी पेटी उघडून कार्डांचे गठ्ठे लावत. बहुतेकांनी जिन्यावर लिहिले होते, चित्रपटावर लिहिले होते, पहिल्या भेटींबद्दल लिहिले होते. एकाने लिहिले होते, 'इथल्या चपला तीन महिन्यांत तुटल्या.' चौथ्या दिवशी एक कार्ड निघाले. अक्षर बारीक, शाळेत गिरवल्यासारखे.

'या मॉलमध्ये माझ्या सासूबाई सरकत्या जिन्यावरून पडल्या. त्या दुखण्यातच दोन महिन्यांनी गेल्या. चूक माझी होती. त्या दिवशी सकाळची रक्तदाबाची गोळी त्यांना द्यायला मी विसरले. दर वर्षी त्या तारखेला मी येऊन जिन्यासमोरच्या बाकावर अर्धा तास बसते. मॉल पाडल्यावर मी कुठे बसायचं?'

मावशींनी ते कार्ड गठ्ठ्यात ठेवले, पुन्हा काढले, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. बाकावरची ती बाई त्यांच्या ओळखीची होती. वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, ती यायची, पर्स मांडीवर धरून बसायची आणि जायची. कुणाची तरी वाट बघत असेल, अशी मावशींची समजूत होती.

त्या आजी पडल्या तो सवलतीच्या आठवड्यातला रविवार होता. रांग दाराबाहेर गेली होती. सून दोन मुलांना घेऊन पुढे चढली. वर पोचताच मुले पळत सुटली आणि ती त्यांच्यामागे धावली. आजी खाली एकट्या राहिल्या. त्यांची नजर पायऱ्यांवर होती. एक पायरी आली, दुसरी आली. दर वेळी त्यांचा पाय उचलला जाई आणि परत जमिनीवर येई. मागून कुणीतरी म्हणाले, "आजी, उद्या सकाळी चढणार का?" लोक हसले. शिट्टी वाजली. मावशींनी आजींचा हात धरला, पाठीवर तळवा टेकवला आणि त्यांना सोडले. आजींचा पाय दोन पायऱ्यांच्या सांध्यावर पडला. पायऱ्या एकमेकींपासून सुट्या होऊन वर उचलल्या गेल्या, तशा आजी मागच्या मागे कोसळल्या. खुब्याचे हाड मोडले आणि डोक्याला मार बसला.

सुपरवायझरने जागच्या जागी अहवाल लिहिला. आजींना काय काय दुखणी आहेत, ते त्याने सुनेला विचारले. रक्तदाब. आजची गोळी घेतली होती का? सून एका मुलाला कडेवर आणि दुसऱ्याला हाताशी धरून रडत होती. "आठवत नाही हो," ती म्हणाली. त्याने लिहिले : 'सकाळचे औषध घेतल्याबाबत कुटुंबीय साशंक. चक्कर येऊन तोल गेला.' मग त्याने कागद मावशींपुढे केला आणि साक्षीदार म्हणून त्यांची सही घेतली. पुढच्याच आठवड्यात त्यांना चौकशीच्या टेबलावर बसवले. "तुला उभं राहायचा त्रास होतो ना? आता बस," तो म्हणाला. त्यांना उभे राहण्याचा कसलाच त्रास नव्हता, पण तसे त्या बोलल्या नाहीत. दीड वर्षाने, लोकांना जिना चढता येऊ लागल्यावर, बाकीच्या तिघींना घरी पाठवण्यात आले.

आजी गेल्यानंतर त्यांचा मुलगा अहवालाची प्रत मागायला आला होता. टेबलावर मावशीच होत्या. त्यांनीच झेरॉक्स काढून दिली. तो त्यांना धन्यवाद म्हणाला होता.

आजी गेल्या हे मावशींना त्याच दिवशी कळले होते. म्हातारे माणूस होते, आपल्या जागी दुसरी कुणीही असती तरी हेच झाले असते, सगळ्याच जणी सोडत होत्या, अशी समजूत घालत त्यांनी ते ओझे वागवले होते, आणि इतक्या वर्षांत ते अंगवळणी पडले होते. त्या अहवालातल्या एका ओळीने दुसऱ्या एका घरात काय केले असेल, हे त्यांच्या कधी मनातच आले नव्हते.

त्या रात्री जेवताना त्यांनी लेकीला सांगितले. "आई, आता उकरून काय मिळणार?" ती म्हणाली. "तुला बरं वाटेल एवढंच. त्या बाईचं काय?"

"तिचं काय, तेच तर मला कळत नाहीये," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तळघरातून जुनी नोंदवही काढली, त्यातला अहवाल शोधला आणि मॅनेजर बाईंच्या टेबलावर कार्डाशेजारी ठेवला. बाईंनी दोन्ही वाचले.

"खाली सही तुमची आहे."

"हो."

"मग हे जे लिहिलंय…"

"खोटं आहे."

बाईंनी उठून केबिनचे दार लावले. "मावशी, ही कंपनी तीनदा विकली गेलीय. ज्याने हे लिहिलं तो आहे की नाही, तेही मला माहीत नाही. फलकावर हे लावता येणार नाही हो."

"फलकावर लावा म्हणून कोण म्हणतंय?"

"मग?"

"फोन करायचा आहे. कार्डांवरचे नंबर तुमच्या परवानगीशिवाय वापरायचे नाहीत, असं तुम्हीच सांगितलंय. तेवढी परवानगी द्या."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितले, टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवला आणि चहाचे निमित्त काढून त्या बाहेर गेल्या.

तिचे नाव कार्डावर होते, तरी मावशींच्या मनात ती सूनबाईच राहिली. चार वाजता ती आली. पंचावन्न-छप्पन वर्षांची, केस घट्ट बांधलेले, तीच पर्स. सवयीने ती बाकावर तिच्या नेहमीच्या जागी बसली.

"बक्षीस लागलं की काय मला?" तिने विचारले आणि स्वतःच ओशाळून हसली. "तुम्हाला ओळखते मी. एका साली तुम्ही मला पाणी आणून दिलं होतं. मी म्हटलं, किती भली बाई आहे."

मावशी तिच्या शेजारी बसल्या. तोंडासमोर बसून त्यांना ते सांगता आले नसते. बंद जिन्याकडे बघत त्यांनी सगळे सांगितले : हातवाल्या, शिट्टी, सोडणे, तो रविवार, काल लेक जे म्हणाली तेसुद्धा. सूनबाई मान हलवत ऐकत होती.

"तुम्ही मनाने चांगल्या आहात," शेवटी ती म्हणाली. "पण माझं समाधान करायला असं स्वतःवर घेऊ नका. त्यांना चक्कर आली होती."

"चक्कर आली नव्हती. माझा हात होता त्यांच्या पाठीवर. माणूस डळमळतो तेव्हा हाताला कळतं. त्या नीट उभ्या होत्या."

"अहो, पण गोळी…"

"गोळीचा काही संबंध नाही. तीन मोजायचे असतात. शिट्टी वाजली म्हणून मी दोनच मोजले."

सूनबाईने पर्स बाजूला ठेवली. नंतर पुन्हा मांडीवर घेतली. चौकात दोन कामगार एक फलक उभा करत होते आणि तो सारखा कलत होता.

"माझे मिस्टर मागच्या वर्षी गेले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्यांनाही रक्तदाब होता. गोळ्यांची डबी ते स्वतःच्या खिशात ठेवायचे. मी नुसती उचलली तरी म्हणायचे, राहू दे, मी घेईन. भांडण नाही, बोलणं नाही. नुसतं राहू दे. शेवटी दवाखान्यात हात उचलत नव्हता, तर गोळी द्यायला नर्सला हाक मारली त्यांनी. मी तिथेच उभी होते."

ती पहिल्यांदाच मावशींकडे वळली.

"तुम्ही मागच्या वर्षी का नाही सांगितलंत?"

"मला माहीत नव्हतं की तुमच्यावर…"

"माहीत नव्हतं! इथून वीस पावलांवर बसत होतात तुम्ही. मी दर वर्षी येत होते. एकदा तरी विचारायचंत, बाई गं, तू इथे कशाला येतेस? पाणी कसलं आणून देता!" तिने तोंडावर रुमाल धरला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उठली. "चला."

"कुठे?"

"वन्संकडे. माझ्या नणंदेकडे. मला बोल लावणाऱ्यांत आता तेवढं एकच माणूस उरलंय. आत्ता चला. उद्या म्हणाल, लेक नको म्हणते."

बसमध्ये त्या एकाच बाकावर बसल्या, पण बोलल्या नाहीत. वाहकाने विचारले, "दोघी एकत्र का?" सूनबाई म्हणाली, "नाही, वेगवेगळं द्या."

नणंदबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघ्याचे ऑपरेशन होऊन महिना झाला होता. खिडकीजवळच्या खुर्चीत, पाय स्टुलावर पसरून, त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दार शेजारणीने उघडले आणि ती निघून गेली.

"वहिनी, फोन तरी करून यायचं," त्या म्हणाल्या. "आणि या कोण?"

"यांचं ऐकून घ्या, वन्सं. मी मध्ये बोलत नाही."

मावशींनी दुसऱ्यांदा सगळे सांगितले. या वेळी समोर बसून. नणंदबाईंचे हात थांबले नाहीत. शेंग फोडायची, अंगठ्याने दाणे ओघळवायचे, साल खालच्या कागदावर टाकायचे. सांगून झाल्यावर त्यांनी ताट बाजूला केले.

"वहिनी, कपाटात खालच्या कप्प्यात आईची फाइल आहे. हिरवी. आणा."

फाइलमध्ये अहवालाची झेरॉक्स होती, पिवळी पडलेली, घड्यांवर चिरलेली. त्यांनी ती मावशींसमोर धरली.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं बोललात. किंवा आता बोलताय. दोन्हींतलं कोणतं मी खरं मानू?"

"आताचं."

"का? आता तुमची नोकरी जातेय म्हणून? तेव्हा नोकरी टिकवायची होती, आता पुण्य गाठीला बांधायचंय. सगळं तुमच्या सोयीने!" त्यांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षं वर्गात उभी होते मी. पोरं दोन तऱ्हेने खोटं बोलतात. एक मार चुकवायला, आणि एक कुणीतरी पढवून पाठवलेलं असतं तेव्हा."

"वन्सं, मी पढवलेलं नाही काही."

"मी तुमचं नाव घेतलं का? विसरायची सवय तुम्हाला आहे, रचायची नाही, एवढं मी जाणते."

सूनबाई अजून कपाटापाशीच उभी होती. कप्प्याचे दार तिने हळूच लावले.

"मी विसरले नव्हते," ती म्हणाली.

"काय?"

"गोळी दिली होती मी. आता बसमध्ये आठवलं. इतकी वर्षं सगळ्यांनी सांगितलं, तू विसरलीस, तू विसरलीस, तर मलाही तसंच दिसायला लागलं होतं. त्या दिवशी सकाळी पाण्याचा पेला अर्धा उरला, आणि सासूबाई म्हणाल्या, ओतून टाकू नको, कुंडीत घाल. मी कुंडीत घातलं. धाकट्याचा एक मोजा सापडत नव्हता, तो कुंडीमागे होता." तिने पदर सारखा केला. "तुम्ही मानू नका, वन्सं. यांचं मानू नका, माझं मानू नका. तुमच्या दादांनीही नाही मानलं. पण दिवाळखोर माणसासारखं मान खाली घालून मी तुमच्या दारात आता पुन्हा येणार नाही."

ती मावशींकडे वळली. "आणि तुम्ही आलात, सांगितलंत, ते बरं केलंत. पण मी माफ केलं, असं समजून घरी जाऊ नका."

तिने चपला घातल्या. जिन्यावर तिची पावले एकसारखी वाजत खाली गेली.

मावशी उठल्या. नणंदबाई झेरॉक्सची घडी पुन्हा जुन्याच चिरांवर घालत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बसा जरा."

मावशी बसल्या.

"वहिनी वर गेली होती मुलांमागे. शेवटी जवळ होतात त्या तुम्हीच. नंतर दवाखान्यात आई दोन महिने होती, पण बोलली नाही. जीभ गेली होती तिची." नणंदबाईंनी घडीवरून अंगठा फिरवला. "पडायच्या आधी काही बोलली का ती?"

हे मावशींना कुणीही कधी विचारले नव्हते. सूनबाईनेही नाही.

"बोलल्या."

"काय?"

"म्हणाल्या, 'अगं ए, जरा दमानं घे की, मी काय पळून चाललेय?'"

"कुणाला? तुम्हाला?"

"नाही. पायरीला."

नणंदबाईंचा हात कागदावर तसाच राहिला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी भंगारवाल्याला हाका मारत होते. त्या बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजातली शाळेतली बाई ओसरली होती.

"दुधाशी बोलायची ती," त्या म्हणाल्या. "उतू जायला आलं की. दाराच्या कडीशी बोलायची. आम्ही लहानपणी हसायचो तिला. बाहेरच्या माणसासमोर मात्र कधी नाही, लाजायची. हे वहिनीलासुद्धा ठाऊक नसेल." मग त्यांनी विचारले, "तुम्हाला ते ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"नीट?"

"नीट."

"तरी?"

"तरी," मावशी म्हणाल्या.

नणंदबाईंनी दोन्ही हात खुर्चीवर रेटून उठायचा प्रयत्न केला. गुडघ्याने साथ दिली नाही. त्या परत बसल्या, आणि मांडीवरची फाइल खाली घसरून कागद वाटाण्याच्या सालांत पसरले. मावशी ते उचलायला वाकल्या.

"राहू द्या ते. खिडकीतून बघा. ती गेली का?"

मावशींनी पडदा सारला. बसथांब्यावर चार-पाच माणसे होती. सूनबाई त्यांच्यापासून थोडी बाजूला, पर्स दोन्ही हातांनी धरून उभी होती. उन्हाकडे पाठ होती.

"अजून उभ्या आहेत थांब्यावर."

मावशींनी मागे वळून बघितले.

"हाक मारू? इथून ऐकू जाईल."

नणंदबाईंनी तोंड उघडले आणि मिटले. त्यांची नजर खाली पसरलेल्या कागदांवर होती. मावशी खिडकीच्या गजाला धरून वाट बघत राहिल्या. कोपऱ्यावरून बस वळली, थांब्यावर थांबली, माणसे चढली, दरवाजा मिटला आणि बस निघून गेली, तरी उत्तर आले नव्हते.